नऊ महिने की अठरा? फी भरण्याआधी हिशोब मागा

वाचकाचं पत्र:

सव्वा वर्षापूर्वी मी एका कंपनीचं पोस्टपेड कनेक्शन घेतलं. सोबत नवा फोन सवलतीत मिळाला आणि 24 महिने कनेक्शन सोडायचं नाही अशी अट होती. 15व्या महिन्यात आम्ही घर बदललं. नव्या घरात या कंपनीची रेंज जवळजवळ नाहीच. ऑफिसचे कॉल मी जिन्यात बसून घेत होते. तीनदा तक्रार केली. दोनदा 'फोन बंद करून चालू करा' एवढंच ऐकायला मिळालं. तिसऱ्या वेळी फोनवरचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, तुमच्या भागात सिग्नल कमी आहे हे मला इथे दिसतंय. तुम्ही नंबर पोर्ट करून घ्या, काही प्रॉब्लेम येणार नाही.' 15वा महिना संपता संपता मी पोर्ट केला. मग शेवटचं बिल आलं, त्यात नेहमीच्या भाड्याखाली 'अर्ली टर्मिनेशन फी', म्हणजे मुदतीआधी सोडण्याची फी, म्हणून भलीमोठी रक्कम. विचारलं तर म्हणतात, तुमचे अजून 18 महिने बाकी होते. नवव्या महिन्याच्या शेवटी मी जास्त डेटाचा प्लॅन घेतला, तेव्हा करार नव्याने सुरू झाला म्हणे. तसं कोणी सांगितल्याचं मला आठवत नाही. बिल मी अजून अजिबात भरलेलं नाही. आता वसुली एजन्सीचा मेसेज आलाय. नवरा म्हणतो, 'भरून टाक आणि मोकळी हो.' पण रेंजच नव्हती तर पैसे कशाचे? भांडू की भरू?

उत्तर:

भांडा. पण ज्या मुद्द्यावर तुम्ही चिडला आहात त्यावर नाही.

तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे कापून घेतलंय. त्यात रेंजवर दीड पान होतं आणि प्लॅन बदलल्याबद्दल दोन ओळी. घोडं नेमकं त्या दोन ओळींत पेंड खातंय. मी काही वर्षं एका फोन कंपनीच्या बिलांच्या तक्रारी बघायचो, म्हणजे तुमच्या फोनच्या पलीकडच्या टोकाला बसायचो. 'रेंज नव्हती, कंटाळले, सोडलं' असं पत्र आलं की ते 'सेवेबद्दल नाराजी' या खात्यात जायचं आणि त्याला छापील उत्तर जायचं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पण 'माझा करार कोणत्या तारखेला सुरू झाला ते कागद दाखवून सांगा' असं पत्र आलं की कोणाला तरी उठून फाईल उघडावी लागायची. आणि फाईल उघडली की आमच्याच चुका सापडायच्या. नेहमी नाही, पण पुष्कळदा.

रेंजचा मुद्दा आधी उरकतो. तो खोटा नाही, पण लंगडा आहे. जवळपास प्रत्येक करारात लिहिलेलं असतं की सगळीकडे सिग्नल मिळेल याची हमी नाही आणि कव्हरेजचा नकाशा अंदाजापुरता आहे. शिवाय घर तुम्ही बदललंत, कंपनीने टॉवर हलवला नाही. जुन्याच घरात राहून सिग्नल गेला असता तर गोष्ट वेगळी. तरी एक करून बघा. कंपनीच्या वेबसाइटवर नव्या घराचा पत्ता टाका. तिथे 'उत्तम कव्हरेज' दिसत असेल तर तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. तीन तक्रारी आणि हा नकाशा शेजारी शेजारी ठेवले की लंगडा मुद्दाही थोडा चालायला लागतो. घर बदलणाऱ्या ग्राहकासाठी काही कंपन्यांच्या करारात वेगळं कलम असतं, तेही बघून घ्या. एवढं करून हा मुद्दा तिसऱ्या नंबरवर ठेवा.

दुसऱ्या नंबरवर तो मुलगा. 'काही प्रॉब्लेम येणार नाही' हे त्याचं वाक्य तुमच्या कामाचं आहे, पण त्याने ते म्हटल्याचं सिद्ध व्हायला हवं. अशा कॉलची नोंद दोन ठिकाणी असते: रेकॉर्डिंग, आणि कॉल संपल्यावर त्याने तुमच्या खात्यात टाइप केलेली ओळ-दोन ओळींची नोट. रेकॉर्डिंग कंपन्या जन्मभर ठेवत नाहीत. म्हणून ते आजच लेखी मागा. कॉलची तारीख, वेळ, कोणत्या नंबरवरून केला, तक्रार क्रमांक, सगळं द्या. तुमच्या फोनच्या कॉल लॉगमध्ये निम्मं सापडेल. मिळत नसेल तर 'रेकॉर्डिंग नष्ट करू नये' असं तरी लिहून ठेवा. मागितलेलं रेकॉर्डिंग कंपनी दाखवत नाही, ही गोष्टही पुढे तक्रार ऐकणाऱ्याला काहीतरी सांगते. आणि त्या पोरावर राग धरू नका. बहुतेक त्याला खरंच वाटलं असेल की प्रॉब्लेम येणार नाही. पहिल्या फळीतल्या माणसाला रेंज दिसते, बिल दिसतं, पण लॉक-इन, म्हणजे कनेक्शन न सोडण्याची मुदत, बऱ्याचदा वेगळ्या स्क्रीनवर असतं, आणि मागे रांगेत चाळीस कॉल ताटकळत असतात.

आता पहिल्या नंबरचा मुद्दा. त्यासाठी ही फी मुळात कशाची असते ते बघू.

कंपनी महागडा फोन तुम्हाला स्वस्तात किंवा फुकट देते. तिच्या खिशातून गेलेली ती रक्कम तुमच्या महिन्याच्या बिलातून हळूहळू भरून येते. तुम्ही मध्येच सोडलंत तर जेवढं भरून यायचं राहिलं तेवढं कंपनीचं नुकसान. मुदतीआधी सोडण्याची फी एवढ्यासाठीच असायला हवी. प्रत्यक्षात ती लवकरच दंड होऊन बसते, कारण दंडाची भीती असली की ग्राहक हलत नाही. अमेरिकेतलं उदाहरण घ्या. 2009 साली व्हेरायझन या फोन कंपनीने महागड्या फोनवरची ही फी 175 डॉलरवरून 350 केली आणि ती दर महिन्याला फक्त 10 डॉलरने उतरेल असं ठरवलं. म्हणजे दोन वर्षांच्या करारातले 23 महिने इमानदारीत भरून शेवटचा एक महिना उरला असताना सोडलं तरी 120 डॉलर द्यायचे. एका महिन्यात कंपनीचं 120 डॉलरचं नुकसान कसं होतं, हे तिथल्या नियामकानेही तेव्हा विचारलं होतं. कॅनडाने याला चाप लावला. 2013 पासून लागू झालेल्या त्यांच्या वायरलेस संहितेप्रमाणे फी फोनवर दिलेल्या सवलतीपेक्षा जास्त असू शकत नाही, दर महिन्याला ती सारखी उतरत गेली पाहिजे आणि 24 महिन्यांत शून्यावर आली पाहिजे.

आता हे तुमच्या खात्याला लावा. नवव्या महिन्यात मोठा प्लॅन घेतलात तेव्हा कंपनीने नवा फोन दिला का? तुमच्या पत्रावरून तरी नाही. फोन तोच, त्यावरची सवलत तीच, आणि त्यातला नऊ महिन्यांचा वाटा तोवर वसूल झालेला. उलट त्या दिवसापासून तुम्ही दरमहा जास्त पैसे देत होतात, म्हणजे त्यांचं नुकसान भरून निघण्याचा वेग वाढला. मग पुन्हा पहिल्यापासून 24 महिने कोणत्या खर्चापोटी मोजले? मूळ करार धरला तर 15 महिने झाले, 9 उरले. त्यांच्या हिशोबात करार दहाव्या महिन्यापासून नव्याने सुरू, त्यातले 6 झाले, 18 उरले. बरोबर दुप्पट. उरलेल्या महिन्यांवर फी लावली असेल तर अर्ध्या फीचं मूळ या एका तारखेत आहे.

यावर कंपनी म्हणेल, प्लॅन बदलताना तुम्ही अटी मान्य केल्या होत्या. असेलही. ॲपमध्ये 'पुढे जा' दाबताना आपण काय काय मान्य करतो ते देवालाच ठाऊक. म्हणून 'मला सांगितलं नव्हतं' असं लिहू नका. तुम्हाला 'आठवत नाही', आणि ठामपणे नाकारलेली गोष्ट उद्या त्यांनी स्क्रीनशॉट काढून दाखवली तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास जाईल. 'मी संमती दिल्याचा पुरावा दाखवा' असं लिहा. दाखवायचं काम त्यांचं. दाखवलाच, तर त्यात नवी मुदत ठळक लिहिली होती की आठव्या पानावर बारीक अक्षरात, ते बघता येईल.

आणखी एक तपासा. हे मी स्वतः इतक्या वेळा पाहिलंय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. आजकाल बऱ्याच कंपन्या फोनची किंमत वेगळ्या हप्त्यांत लावतात. कनेक्शन सोडलं की उरलेले सगळे हप्ते एकदम मागतात. ते ठीक आहे, फोन तुमच्याकडे राहतो. पण शेवटच्या बिलात उरलेले हप्तेही आणि वर मुदतीआधी सोडण्याची फीही असेल तर एकाच फोनचे पैसे दोनदा मागितले जात असण्याची शक्यता आहे. बिलाची सगळी पानं नीट बघा, पहिलं पान फसवं असतं.

कायदा तुमच्या बाजूने किती, हे देशावर अवलंबून आहे आणि देश तुम्ही लिहिलेला नाही. पण मूळ विचार पुष्कळ ठिकाणी सारखा आहे: करार मोडणाऱ्याकडून भरपाई घेता येते, त्याला धाक घालायला मनमानी दंड लावता येत नाही. इंग्लंडमध्ये 1914 साली डनलॉप या टायर कंपनीच्या खटल्यात हा फरक मांडला गेला. आधी ठरवलेली रक्कम नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असेल तर चालेल, नुसता धाक असेल तर नाही. गंमत म्हणजे त्या खटल्यात टायर कंपनीच जिंकली. 2015 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 85 पौंडांच्या पार्किंगच्या दंडावरून ही कसोटी कंपन्यांना आणखी सोयीची केली: रक्कम नुकसानीपेक्षा जास्त असली तरी तिच्यामागे कंपनीचं रास्त हित असेल आणि ती अवाच्या सवा नसेल तर चालते. त्यामुळे 'हा दंड आहे, म्हणून बेकायदा' असं एका वाक्यात जिंकता येईल या भ्रमात राहू नका. भारतात 1872च्या करार कायद्याचं कलम 74 ग्राहकाला जास्त सोयीचं आहे. करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई. युरोपीय संघाचा 2018चा निर्देश तर थेट फोन कंपन्यांबद्दलच बोलतो. मुदतीआधी बाहेर पडण्याचा हक्क ग्राहकाला जिथे आहे, तिथे कंपनी फक्त त्याने ठेवून घेतलेल्या सवलतीच्या फोनचे पैसे मागू शकते. तेही त्या फोनच्या उरलेल्या हिश्श्याइतके किंवा उरलेल्या महिन्यांच्या सेवाशुल्काइतके, यातलं जे कमी असेल ते.

म्हणून पत्रात कायदा कमी आणि हिशोब जास्त ठेवा. फोनवर बोलू नका, ई-मेल करा, आणि तोही कंपनीच्या तक्रार विभागाच्या अधिकृत पत्त्यावर. मजकूर साधारण असा:

'माझ्या शेवटच्या बिलातली मुदतीआधी सोडण्याची फी मला मान्य नाही. बिलातली बाकीची रक्कम मी आज भरली आहे. पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात: माझा करार सुरू झाल्याची आणि संपण्याची तारीख, प्लॅन बदलताना नवी मुदत मी मान्य केल्याचा पुरावा, ही फी कशी काढली याचा हिशोब आणि करारातलं कलम, फोनवर दिलेली सवलत किती आणि त्यातली किती वसूल व्हायची राहिली. तुमच्या प्रतिनिधीने अमुक तारखेच्या कॉलमध्ये पोर्ट करायला अडचण नसल्याचं सांगितलं होतं. त्या कॉलचं रेकॉर्डिंग आणि खात्यावरच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि मला द्याव्यात. फी मला मान्य नसल्याचं तुम्ही नेमलेल्या वसुली एजन्सीलाही कळवावं.'

एवढंच. 'तुम्ही लुटारू आहात', 'सोशल मीडियावर बघून घेईन' हे मनात म्हणा.

'बाकीची रक्कम आज भरली' हे वाक्य खरं करा. बिल अजिबात न भरण्यात तुमची एकच चूक झाली आहे: महिन्याचं नेहमीचं भाडं आणि वादातली फी एकाच गाठोड्यात बांधली. वापर तुम्ही केला, तेवढे पैसे देणं लागता. ते दिले की तुम्ही थकबाकीदार उरत नाही, एका रकमेवर वाद असलेल्या ग्राहक होता. भरताना पावतीवर किंवा ई-मेलमध्ये कोणती रक्कम कशापोटी ते लिहा. आणि जुन्या कंपनीचं ऑटो-डेबिट अजून चालू असेल तर ते बँकेकडून बंद करून घ्या, नाहीतर एका सकाळी फी आपोआप कापली जायची आणि मग रिफंडसाठी वेगळी वारी.

वसुलीवाल्यांना एकदाच लेखी उत्तर द्या: रक्कम मान्य नाही, कंपनीकडे अमुक तारखेला तक्रार केली आहे, कोणाच्या वतीने आणि कोणत्या कागदाच्या आधारे मागता ते पाठवा. फोनवर 'बघते', 'पुढच्या महिन्यात करते' असलं काही बोलू नका. 'निदान थोडे तरी भरा' याला तर मुळीच भुलू नका. कर्ज मान्य केल्याची ती खूण ठरते आणि पुष्कळ देशांत त्या दिवसापासून वसुलीच्या दाव्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. नवऱ्याला क्रेडिट स्कोअरची काळजी असेल तर ती रास्त आहे. म्हणूनच वाद लेखी हवा. क्रेडिट अहवालात ही नोंद आलीच तर ती वादग्रस्त म्हणून दुरुस्त करून घ्यायला हाच कागद लागतो.

कंपनीने दाद दिली नाही तर पुढची पायरी. अमेरिकेत एफसीसी या दूरसंचार नियामकाकडे साधी तक्रार फुकट करता येते आणि कंपनीला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ब्रिटनमध्ये तिथला नियामक ऑफकॉम एकेकट्या ग्राहकाचं भांडण सोडवत नाही, कंपनी ज्या स्वतंत्र निवाडा योजनेची सदस्य आहे तिथे जायचं. ऑस्ट्रेलियात दूरसंचार लोकपाल आहे. भारतात आधी कंपनीचं तक्रार केंद्र, मग कंपनीतलंच अपील प्राधिकरण; नियामक ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिफोनच्या तक्रारी तिथे चालतात का यावर बरीच वर्षं घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली मिटवला: चालतात. कोर्टाची पायरी चढायची वेळ शक्यतो येऊ नये, पण रक्कम लहान म्हणून हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत एका जोडप्याला 'फुकट' म्हणून दिलेल्या फोनवर सुमारे 30 डॉलरचा विक्रीकर लागला, ते भांडण 2011 साली थेट सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. जोडपं हरलं, आणि ग्राहकांनी एकत्र येऊन दावा करण्यावर करारातूनच बंदी घालायची मुभा कंपन्यांना मिळाली. तिथे राहत असाल तर करारातलं लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे न्यायची अट, जरूर वाचा. छोट्या रकमांच्या न्यायालयात जायची सूट बहुधा त्याच कलमात असते.

नियामकाकडे तक्रार गेली की कंपनीच्या आत एक गोष्ट बदलते. तुमचं प्रकरण कॉल सेंटरमधून उठून एका छोट्या टीमकडे येतं. तिथल्या माणसाकडे फी माफ करायचा अधिकार असतो आणि प्रकरण लवकर मिटवण्यासाठीच त्याला पगार मिळतो. त्या खुर्चीत मी बसलेलो आहे. समोर नीट तारखा लावलेलं पत्र असलं की 'सद्भावना म्हणून' फी कमी करायला आम्हाला फारसा त्रास व्हायचा नाही.

मग शेवटी काय पदरात पडेल? माझा अंदाज सांगतो, वचन नव्हे. फी पूर्ण माफ होणं शक्य आहे, विशेषतः तो कॉल सापडला तर. पण 9 महिन्यांच्या हिशोबावर प्रकरण मिटण्याची शक्यता मला जास्त वाटते. तो हिशोब फोनवरच्या उरलेल्या सवलतीशी जुळत असेल तर भरून टाका, इथे नवऱ्याचं ऐका. फोन तुमच्याकडे आहे, त्याचा उरलेला वाटा देणं यात हार नाही. मात्र 'परत आमच्याकडे या, फी बिलात जमा करून देतो' असं आमिष आलं तर नको म्हणा, तुमच्या जिन्यात अजूनही तीच रेंज आहे. आणि जे ठरेल ते लेखी घ्या. 'खात्यावर काहीही बाकी नाही, वसुली एजन्सीकडून प्रकरण परत घेतलं' अशी दोन वाक्यं हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका.

ई-मेल लिहायला बसण्याआधी एक काम. नवव्या महिन्यात प्लॅन बदलल्याचा एसएमएस शोधा. कराराची नवी मुदत त्यात लिहिली असेल किंवा नसेल, दोन्ही तुम्हाला कळायला हवं, कंपनीला कळवण्याआधी. तुम्ही नवा हँडसेट घेतला असेल तर तो मेसेज जुन्यातच राहिला असणार. तो जुना फोन इतक्यात कोणाला देऊ नका, आणि रिसेट तर मुळीच करू नका.